सगळ्यांच्या मापाची सीट

जनूदादा भोईर कधीच 'माझी गाडी' म्हणाले नाहीत. भिवंडीत टेमघरपासून नारपोलीपर्यंत सगळ्यांना ती काळी बुलेट जनूदादांची म्हणूनच ठाऊक होती. आवाज ऐकला की लूमच्या खडखडाटातही माणसं दाराकडे बघायची. पण कुणी 'दादा, तुमची बुलेट' म्हणालं की दादा चालू बोलणं तोडून आधी ते दुरुस्त करायचे. "संघटनेची गाडी. मी नुसता चालवतो."

हे बोलण्यापुरतं असतं तर मी त्यांच्यावर लिहायला बसलोच नसतो. बोलण्यापुरते सिद्धांत पाळणारे पुढारी भिवंडीत पैशाला पासरी होते. दादांचं तसं नव्हतं. त्यांची बायको, यमुनावहिनी, गिरणीतून दळण घेऊन घरी निघालेल्या असायच्या आणि दादा मागून बुलेटवर यायचे. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायचे आणि वहिनींच्या चालीने, त्यांच्या शेजारून, गप्पा मारत घरापर्यंत जायचे. डबा वहिनींच्या डोक्यावर. मागची जागा रिकामी. संघटनेच्या गाडीवर घरचं दळण कसं चालेल?

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि यंत्रमाग कामगारांच्या त्या संघटनेची पत्रकं लिहायचो; दादा तिचे सेक्रेटरी. माझे वडील लूम कामगार. घरात पुस्तक नव्हतं, पत्रकंच होती. अक्षरओळख मला त्यांच्यातूनच झाली, आणि माणसाने कसं असावं याच्या कल्पनाही तिथूनच आल्या. त्यामुळे हे दृश्य मला फार थोर वाटायचं. एकदा मी वहिनींना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "थोर असंल बाला, पन धूर सगला माझ्याच तोंडावर येतो."

तिथून माझा गोंधळ सुरू झाला, आणि तो अजून संपलेला नाही.

दादा स्वतः पंधरा वर्षं लूमवर उभे राहिलेले. डावा कान गेलेला, म्हणून बोलताना मान तिरकी. आवाज कायम चढा. लूमच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, कामगार हातांनी बोलतात. ती सवय दादांना इतकी होती की शांत खोलीत चहा मागतानाही त्यांची बोटं आधी हलायची आणि मग तोंड. खिशात लवंगा असायच्या. कुणी भांडत आलं की आधी त्याच्या हातावर एक लवंग ठेवायचे. चावता चावता माणसाचा आवाज उतरतो, असं त्यांचं मत होतं.

आणि एक वाक्य होतं, जे ते दिवसातून कितीदा म्हणायचे कोण जाणे. "आधी इचारा, मंग करा." मालक विचारत नाही, सरकार विचारत नाही, मग आपण तरी एकमेकांना विचारायला नको का? म्हणून संघटनेत सगळं मिटिंगमध्ये ठरायचं. शुक्रवारी लूम बंद असायचे. दुपारची नमाज झाली की नारपोलीतल्या पत्र्याच्या खोलीत माणसं जमायची. संपापासून ते झाडू कोणी मारायचा इथपर्यंत सगळ्यावर हात वर व्हायचे. एकदा चहात साखर किती यावर मतदान झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. हसू नका. त्या माणसांचं मत आठवडाभर दुसरं कुणी घेत नव्हतं.

गाडी संघटनेने जुनीच घेतली होती. सकाळ-संध्याकाळ शिफ्ट बदलताना दादांना जमेल तितक्या कारखान्यांच्या दारात पोचायचं असायचं, कारण कामगार तेवढ्यापुरतेच बाहेर सापडायचे. एक शिफ्ट आत, दुसरी बाहेर, मधली दहा मिनिटं. ती गाठली नाही तर संघटना कागदावरच राहिली असती. म्हणजे गाडी हवीच. आणि गाडी चालवायला दादाच हवेत, कारण गल्लीगल्लीत विश्वास होता तो त्यांच्यावर.

अडचण कमरेची होती. आधी पंधरा वर्षांचं उभं राहणं, मग त्या गाडीची जुनी, स्प्रिंगवाली सीट. मागची एक स्प्रिंग तुटलेली, त्यामुळे बसणारा कायम डाव्या अंगाला कललेला. त्यात रस्ते भिवंडीचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, मणक्यामधली गादी सरकते आहे. गाडी सोडा. सोडता येत नसेल तर बसण्याची जागा बदला, हँडल मागे घ्या, पाय ठेवायची जागा पुढे घ्या, ताठ बसता आलं पाहिजे. नाहीतर एक दिवस उठता येणार नाही.

दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी सीटवाल्याकडे गेला असता. दादा मिटिंगची वाट बघत राहिले.

सीटवाले म्हणजे रज्जाकभाई. जुन्या भिवंडीतले, कोकणी मुसलमान, रिक्षांची टपं आणि मोटारसायकलच्या सीटा शिवायचे. जुने दोस्त म्हणून त्यांनी मिटिंगला यायचं कबूल केलं. येताना नमुने घेऊन आले: काथ्याचा तुकडा, पिवळा फोम, राखाडी फोम, एक स्प्रिंग, तीन रंगांचं रेक्झिन. त्यांनी नीट समजावलं. नरम फोम पहिल्या दिवशी गोड लागतो, महिन्यात दबतो आणि मग हाड पत्र्यावर आपटतं. नुसता काथ्या टिकतो, पण टोचतो. खाली काथ्या, वर कडक फोम, वर बोटभर नरम, हे उत्तम. शिवाय हँडलला वरून जोड लावून ते चार बोटं मागे घ्यावं.

नमुने हातोहात फिरले. माणसांनी फोम दाबून पाहिला, गालाला लावून पाहिला. मग बोलायला रामधनी उठला. जौनपूरकडचा, दादांचा उजवा हात, अंगाने काटक, जिभेने तिखट. तो सावकाश म्हणाला, "दादा, बुरा मत मानना. हम बारह घंटा खड़े रहते हैं. सेठ से एक स्टूल माँगा था, नहीं दिया. अब हम हाथ उठा के गद्दी पास करें?"

कुणीतरी हातातला फोम खाली ठेवला. मला तर वाटलं, हेच ते वाक्य. पत्रकाचा मथळा. मी वहीत लिहूनही घेतलं.

दादांनी मान तिरकी करून ते ऐकलं. मग म्हणाले, "बराबर हाय." आणि सीटचा विषय मागे घेतला. त्या जागी कारखान्यात बसायला स्टूल मिळावं ही मागणी आली, सगळे हात वर गेले, आणि मी आयुष्यातलं सर्वात जळजळीत पत्रक लिहिलं.

पण माणसांना चैन पडेना. दादांची कंबर सगळ्यांना दिसत होती. सीट नाकारली याची टोचणी प्रत्येकाला, आणि सीट परत आणायची हिंमत कुणाला नाही. मग पुढच्या शुक्रवारी एकजण म्हणाला, पहाटे दादांना थंडी लागते, पुढे काच बसवा. ती सीट नव्हे, तेव्हा मंजूर. दुसरा म्हणाला, गाडी पडली तर पाय मोडेल, गार्ड लावा. मंजूर. ट्रकवाले बाजू देत नाहीत, मोठा हॉर्न. मंजूर. झेंड्याला दांडी. लाउडस्पीकर ठेवायला मागे लोखंडी कॅरियर. पत्रकांसाठी दोन्ही बाजूंना पेट्या. ही सूचना माझी. सगळं संघटनेच्या कामाचं होतं, कुणाच्या सुखाचं नव्हतं, म्हणून सगळं पास झालं. गाडी लग्नातल्या घोड्यासारखी दिसू लागली आणि वजन इतकं वाढलं की स्टँडवर चढवताना दादांच्या तोंडून आवाज निघायचा.

रज्जाकभाई गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "वा. बसणारा सोडून सगळ्यांची सोय झाली."

स्टूलांचं सांगायला हवं. दोन-तीन कारखान्यांत मालकांनी खरंच बाकडी टाकली. लूम चालू असताना धागा तुटला की धावावं लागतं, बसतो कोण? थोड्या दिवसांत बाकड्यांवर सुताच्या कांड्यांच्या पेट्या रचलेल्या दिसू लागल्या. मी त्याला विजय म्हणून दुसरं पत्रक काढलं. तो विजय होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. बाकडं तर आलं होतं.

हिवाळा गेला आणि दादा गाडीवरून उतरल्यावर क्षणभर हँडल धरून तसेच वाकून उभे राहू लागले. शेवटी रामधनीनेच मिटिंगमध्ये तोंड उघडलं. म्हणाला, मी बोललो ते मागे घेतो, गद्दी लावा. यावेळी एकही हात खाली राहिला नाही. मी बसल्या बसल्या हिशेब करत होतो की आता दादा सुटले. पण दादांनी एक अट घातली.

ती अट घेऊन ते रज्जाकभाईंच्या दुकानात गेले तेव्हा मी बरोबर होतो. रज्जाकभाईंची माप घ्यायची एक पद्धत होती. गाडीवर ओल्या वाळूची सपाट गोणी टाकायची, माणसाला बसवायचं, चार खड्ड्यांतून फिरवून आणायचं. गोणीवर जो ठसा उठेल त्यावरून कुठे कडक, कुठे नरम, कुठे खोल हे ठरायचं. त्यांनी गोणी टाकली आणि म्हणाले, बसा दादा.

दादा बसले नाहीत. म्हणाले, "माझं एकल्याचं माप नको. सगल्या कमिटीचं घे."

"बसणार कोण?"

"आज मी. उद्या सेक्रेटरी दुसरा कोन झाला तर?"

"मग तो उद्या येईल की माप द्यायला. दादा, गाडी युनियनची, कबूल. ढुंगण पण युनियनचं असतं काय?"

मी हसलो. दादा हसले नाहीत. त्यांनी रज्जाकभाईंच्या हातावर एक लवंग ठेवली.

आणि खरोखर तसंच झालं. एका शुक्रवारी कमिटीतला प्रत्येक माणूस त्या गोणीवर बसून नारपोलीच्या खड्ड्यांतून चक्कर मारून आला. त्यात लांबुळका रामधनी होता, पोट सुटलेले आमचे खजिनदार होते, आणि एका पायाने अधू असलेले, बसताना उजवीकडे झुकणारे एक म्हातारे तेलुगू विणकर होते. प्रत्येकाच्या ठशावर रज्जाकभाईंनी खडूने खुणा केल्या. मग त्या सगळ्यांचा मध्य काढून सीट शिवली. त्यांनी मनापासून शिवली. माणूस कारागीर होता, चेष्टा म्हणूनही वाईट काम त्यांच्या हातून झालं नसतं. खाली काथ्या, वर कडक फोम, वर नरम, दुहेरी शिलाई. दिसायला देखणी होती ती. फक्त जगातल्या कुठल्याही माणसाला तिच्यावर बसता येत नव्हतं. ज्याच्या मांड्यांना जागा मिळे त्याचं माकडहाड उंचवट्यावर येई. आणि हँडल? ते मागे घ्यायचं तर किती, यावरही सगळ्यांच्या हातांचा मध्य काढला होता.

दादा त्या सीटवर पहिल्यांदा बसले, कारखान्याच्या गल्लीतून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "मस्त हाय."

ते किती वर्षं 'मस्त हाय' म्हणत राहिले. दर थोड्या अंतरावर गाडी थांबवायचे, उतरायचे, कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघायचे, परत बसायचे. मी दोन मतांमध्ये लोंबकळत राहायचो. एका दिवशी वाटायचं, हा माणूस जे बोलतो ते आपल्या हाडांवर सोसून दाखवतो, असा पुढारी कुठे मिळेल? दुसऱ्या दिवशी वाटायचं, हा शुद्ध हट्ट आहे, आणि आम्ही सगळे हात वर करून त्या हट्टाला खतपाणी घालतो आहोत. दादांना विचारायची सोय नव्हती. विचारलं तर म्हणाले असते, मिटिंगमध्ये मांड.

मग नारपोलीतली ती संध्याकाळ. शिफ्ट सुटत होती. दादा एका मोठ्या कारखान्याच्या फाटकासमोर येऊन थांबले. नेहमी ते उतरून, चालत माणसांमध्ये शिरायचे. त्या दिवशी उतरले नाहीत. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात हँडलवर, इंजिन चालू. लोक जमले. दादा बुलेटवर बसूनच बोलू लागले.

असं भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं. ते नेहमी थोडक्यात बोलायचे. त्या दिवशी बोलतच राहिले: बोनसवर, हजेरी कार्डावर, पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्यांवर, गावाकडच्या आयांवर. आवाज मध्येच चिरकायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि माणसं अधिकच जवळ सरकायची. बाहेर आलेली शिफ्ट घरी जाईना. मी भारावून वहीत उतरवून घेत होतो. मनात मथळे उमटत होते.

रामधनी गर्दीतून पुढे आला आणि शांतपणे बुलेटचं हँडल धरून उभा राहिला. मला वाटलं, फोटोसाठी उभा राहिला असेल. त्याने वाकून चावी फिरवली, इंजिन बंद केलं, आणि लोकांना म्हणाला, "चलो भाई, घर जाओ, दादा कल फिर आएँगे." लोक घोषणा देत पांगले. गल्ली रिकामी झाली तेव्हा दादा अगदी हळू बोलले. त्यांचा एवढा खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"उतरता येत न्हाय रे."

ते बोलत राहिले होते कारण त्यांना उतरता येत नव्हतं. रामधनीने एकीकडून आणि मी दुसरीकडून धरलं. त्यांचा पाय टाकीवरून अलीकडे आणताना त्यांनी माझा खांदा असा आवळला की पुढे कितीतरी दिवस तिथे बोटं उमटलेली होती. लोक मात्र आजही भेटले की त्या भाषणाबद्दल बोलतात. दादांचं सर्वात मोठं भाषण, म्हणतात. मी मान हलवतो.

त्यानंतर दादा टेमघरच्या घरी लाकडी फळीवर कित्येक महिने आडवे होते. तिथूनच त्यांनी निरोप पाठवला की सेक्रेटरी बदला, मिटिंग घ्या. मिटिंग झाली. रामधनी सेक्रेटरी झाला. आणि पहिल्याच आठवड्यात, एकाही माणसाला न विचारता, त्याने बुलेट रज्जाकभाईंकडे नेली. आमची ती सर्वांची सीट निघाली. काच निघाली, झेंड्याची दांडी निघाली, मी सुचवलेल्या पेट्यासुद्धा निघाल्या. रुंद, खोलगट नवी सीट आली. हँडल उंच आणि मागे आलं. आणि मागे बसणाऱ्यासाठी लोखंडी पाठ आली, जाड गादी लावलेली, जिला टेकून माणूस आरामखुर्चीसारखा बसेल अशी.

मी भडकलो. सायकल काढली आणि थेट ऑफिसात गेलो. दादांनी उभ्या आयुष्यात जे पाळलं ते या माणसाने आठवड्यात मोडलं होतं. मी त्याला विचारलं, हे कोणत्या मिटिंगमध्ये ठरलं?

रामधनी विडी विझवत म्हणाला, "जिनसे पूछना था, उनसे पूछ लिया."

"दादांना?"

"भाभी को."

मी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. आत दादा झोपलेले. त्यांनी मला हाताने जरा हळू बोल असं खुणावलं, अगदी दादांसारखं. मग म्हणाल्या, "मीच सांगितला रामधनीला. त्यांना इचारू नको. इचारलास का न्हायच बोलतील. आनि ते न्हाय बोलले का तुमी सगले हात वर करशाल."

सूप हलत राहिलं.   विचारल्याशिवाय करायचं नाही, हे मी आजही मानतो. ज्या दिवशी मानणार नाही त्या दिवशी लिहिणं सोडीन. पण वहिनी खोटं बोलत नव्हत्या, आणि या दोन गोष्टी एका मुठीत कशा धरायच्या हे मला कुठल्याच पत्रकाने शिकवलं नाही.

पुढे मी ठाण्याला नोकरीला लागलो. भिवंडीला जाणं कमी झालं. दादा उठून हिंडू-फिरू लागलेत, रामधनी त्यांना कधीकधी मागे बसवून मिटिंगांना नेतो, असं कानावर यायचं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भिवंडीजवळच्या पूर्णा गावाच्या रस्त्यावर. शेतांमध्ये गोडाऊनं उठायला लागली होती, त्यांच्यावर लिहायचं म्हणून मी माहिती गोळा करत हिंडत होतो. दुपारची वेळ. लांबून बुलेटचा आवाज आला आणि मी ओळखला. रामधनी चालवत होता, सावकाश, खड्डे चुकवत. मागे जनूदादा. केस पूर्ण पांढरे. पाठ त्या गादीला टेकलेली, मान मागे पडलेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर सैल. एवढ्या वर्षांत मी या माणसाला कधी टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या कपाळावरची उभी आठी नाहीशी झाली होती.

मी हाक मारणार होतो. तेवढ्यात गाडी एका खड्ड्यात दचकली, दादांचे डोळे उघडले आणि त्यांना मी दिसलो.

ते हसले. ओळखीचा हात वर केला. आणि त्याच वेळी त्यांनी पाठ त्या गादीपासून उचलली. दोन्ही हात रामधनीच्या खांद्यांवर ठेवले आणि ताठ बसले. चेहऱ्यावर वेदना स्पष्ट दिसत होती. रामधनीला मागचं काही कळलं नाही, त्याने गाडी थांबवली नाही. समोर सरळ, लांब रस्ता होता. मी बघत राहीन तोवर हा माणूस असाच ताठ बसणार, हे मला कळून चुकलं.

त्यांना दिसेल अशी मी पाठ फिरवली. एका नव्या गोडाऊनचं बंद शटर समोर होतं, त्याकडे बघत उभा राहिलो. मागे बुलेटचा आवाज लांब लांब जात होता. तो पूर्ण विरेपर्यंत मी वळून पाहिलं नाही.